आडव्या रेघेमागचा तालुका

देवरुखच्या एसटी स्टँडमधून बाहेर आलं की फलक दिसतात. वाढदिवसाचे, दहावीतल्या गुणवंतांचे, शिमग्याच्या शुभेच्छांचे. आमदारांच्या नावाखाली बारीक अक्षरात मतदारसंघ लिहिलेला असतो: 'चिपळूण-संगमेश्वर'. याच तालुक्यात रत्नागिरीच्या अंगाला उतरलात की फलकावरचा चेहरा बदलतो आणि 'रत्नागिरी-संगमेश्वर' होतं. साखरप्याकडे गेलात तर 'राजापूर-लांजा-साखरपा'. निवडणूक आयोगाच्या दप्तरात यातलं एकही नाव नाही. तिथे चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर एवढीच नोंद. पुढची आडवी रेघ आणि तिच्यामागून येणारं आमचं गाव ही पुढाऱ्यांनी स्वखर्चाने काढलेली समजूत आहे.

२००९ च्या निवडणुकीआधी संगमेश्वर नावाचा मतदारसंघ होता. आता तालुका आहे, तहसीलदार आहेत, पंचायत समिती आहे, आणि आमदार तीन. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आम्ही तीन घरचे. ओढ्याच्या अलीकडचं गाव एका मतदारसंघात आणि पलीकडचं दुसऱ्यात असलं, की मधला साकव कुणाच्या निधीतून हा प्रश्न पहिल्या पावसापर्यंत आरामात पुरतो.

तरीही, संगमेश्वर मतदारसंघ गेला यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. हे वाक्य मी गावात, चव्हाट्यावर, अजून मोठ्याने म्हणालेलो नाही.

आधी हिशेब. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने, म्हणजे मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखणाऱ्या आयोगाने, २००१ ची जनगणना समोर ठेवली. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख, विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांचा. भागाकार पाचावर थांबतो. आमदार होते सात. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांचा. भागाकार अडीचच्या थोडा वर. आमदार होते चार, राहिले तीन. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांचा. त्याचा भागाकार येतो २४, आणि इतकी वर्षं ठाण्याला आमदार होते १३. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या अकराच्या आठ झाल्या, विदर्भाच्या ६६ च्या ६२, आणि ठाण्याच्या जवळजवळ दुप्पट. लोकसभेत तर राजापूर हे नावच पुसलं गेलं. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते जिथून निवडून जात, तो मतदारसंघ रत्नागिरीला जोडून 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' झाला. जुन्या माणसांना ते नाव जाणं जागा जाण्याहून जास्त लागलं. ते मला समजतं. पण नावावर मतं मोजता येत नाहीत.

उलट बाजूने पाहा. २००४ साली डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात किंवा घणसोलीत राहणाऱ्या माणसाचं मत आमच्या मताच्या मानाने किती हलकं होतं? अन्याय तिथे होता, आणि तीस वर्षं होता. राग यावा असं काही असेल, तर ते २००८ साली आलेला भागाकार नसून तो इतक्या उशिरा येणं आहे.

उशीर का झाला, ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं थोडी. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या आणि विधानसभांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कारण सांगितलं गेलं कुटुंबनियोजनाचं. ज्या राज्यांनी पाळणा लांबवला त्यांच्या जागा कमी व्हायच्या आणि ज्यांनी लांबवला नाही त्यांच्या वाढायच्या, हे बरं दिसणार नव्हतं. कारण खोटं नव्हतं. तमिळनाडू आणि केरळ आजही तेच म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण हा युक्तिवाद राज्याराज्यांमधल्या वाटणीचा. रत्नागिरी आणि ठाणे ही काही दोन राज्यं नाहीत. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ खासदार आणि २८८ आमदार हे कायम ठेवून राज्याच्या आतल्या रेघा दर जनगणनेनंतर सरकवायला कुटुंबनियोजन कुठे आडवं येत होतं? पण एकाच फटक्यात दोन्ही गोठलं. बाहेरच्या भिंतीसाठी आतली दारंही खिळे ठोकून बंद केली.

२००१ साली ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांमधली वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली आणि आतल्या रेघांपुरतं दार किलकिलं केलं. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आधार दिला. त्यातूनच आपल्याकडचे आजचे मतदारसंघ आले. पण तेही एकदाच. दार परत लागलं. २०११ ची जनगणना आली आणि गेली, तिचा एक आकडासुद्धा आपल्या मतदारसंघांना शिवला नाही. २०२१ ची तर झालीच नाही.

या पंधरा-वीस वर्षांत काय झालं ते पनवेलमध्ये पाहावं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एकट्या पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांच्या आसपास मतदार होते. अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी मिळून, पावणेसात लाखांच्या आसपास. जवळजवळ तेवढीच माणसं. सिंधुदुर्गात तीन आमदार, पनवेलला एक. पिंपरी-चिंचवडकडे चिंचवडचं तसंच, साडेसहा लाखांच्या वर. आणि मुंबईत वडाळ्यात दोन लाखांहून थोडे जास्त. चिंचवडच्या तिघांचं मिळून एक मत वडाळ्यातल्या एकाएवढं.

हे दोन भले थोरले मतदारसंघ, पनवेल आणि चिंचवड, लोकसभेला एकाच मतदारसंघात आहेत. मावळ. उरण, पनवेल, कर्जत घाटाखाली. मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावर. मधे बोरघाट. उरणचा कोळी आणि चिंचवडमधला कारखान्यातला फिटर यांचा खासदार एक, कारण एका लोकसभेला सहा विधानसभा हे गणित कुठेतरी जुळवायचं होतं आणि ते सह्याद्रीच्या अंगावर जुळलं. २०२४ ला मावळचे मतदार २५ लाखांवर होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे साडेचौदा लाख.

आता गंमत अशी, की पनवेल मतदारसंघात राहणारी माणसं कोण? कामोठे, कळंबोली, खारघर, नवीन पनवेल इथल्या सोसायट्यांच्या पाट्यांवरची आडनावं वाचत जा. सावंत, परब, राणे, कदम, शिंदे, चव्हाण. अर्धा संगमेश्वर, पाव कुडाळ. माझा चुलतभाऊ त्यातलाच. कामोठ्यात फ्लॅट, नोकरी वाशीत, मुलं तिथल्या शाळेत, आणि मतदारयादीत नाव गावच्या पत्त्यावर. २० नोव्हेंबर २०२४ ला, बुधवारी, तो रात्रीच्या खासगी गाडीने गावी आला, मत दिलं, भावाकडे जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. कायदा म्हणतो की नाव नेहमी राहता त्या जागी असावं. कोकणाच्या सवयीपुढे कायद्याचं काही चालत नाही. गणपती गावाला, शिमगा गावाला, मत गावाला.

पण जनगणना त्याला गावात मोजत नाही. मोजणारा कामोठ्याला येतो. म्हणजे हा माणूस आहे पनवेलच्या खात्यात आणि त्याचं मत जमा होतं आमच्या. पनवेलच्या लोकसंख्येत त्याची भर पडते, आणि पुढेमागे तिकडे दोन-तीन आमदार झाले तर त्याच्या जोरावरच होतील. गावची जागा घटते तीही त्याच्या जाण्यानेच. आणि मतदानाला येऊन तो जागा घटली म्हणून हळहळतो! मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, मग मी नक्की कुणाचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोगाकडेही नसावं.

ही एका माणसाची गोष्ट नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. राज्य वाढत होतं आणि हे दोन जिल्हे घटत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. २०११ च्या आकड्यांवर परत भागाकार केला, जागा २८८ च धरल्या, तर आमदारामागे ३ लाख ९० हजार माणसं येतात. रत्नागिरीला चार जागा. सिंधुदुर्गाला दोन. पुढच्या जनगणनेनंतर काय वाढून ठेवलंय ते आत्ताच पाटीवर मांडता येतं. त्यामुळे त्या दिवशी 'कोकणावर अन्याय' अशी आरोळी उठण्याआधी, न्याय म्हणजे काय हे एकदा ठरवून घेतलेलं बरं.

आरोळीमागे एक युक्तिवाद असतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. डोंगर, खाड्या, विरळ वस्ती. दहा घरांच्या वाडीपर्यंत जायला आमदाराला अर्धा दिवस लागतो. कामोठ्यात एका इमारतीतच तेवढी वस्ती. गडचिरोलीत हे आणखी खरं आहे: १४ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा जिल्हा आणि आमदार तीन. भामरागडच्या माणसाने आमदार गाठायचा कसा? पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या मताचं वजन वाढवणं हे नाही. आमदाराला तालुक्यातालुक्यात कार्यालय द्या, माणसं द्या, गाडी द्या. अंतराचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, दुसऱ्याच्या मतातून नको. आणि तरीही काही भागांना सवलत द्यायचीच असेल, तर ती कायद्यात नाव घेऊन लिहावी. ब्रिटनने तसं केलंय. तिथे मतदारसंघ सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत बसवायचे असा नियम आहे, आणि ऑर्कनी-शेटलंडसारख्या काही बेटांना त्यातून नाव घेऊन वगळलंय. कुणाला किती झुकतं माप दिलं ते सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे पनवेल आणि सिंधुदुर्ग यांच्यातलं तिपटीचं अंतर कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ते नुसतं साचत गेलंय, पागोळ्याखालच्या शेवाळासारखं.

खरं दुखणं मला वेगळं वाटतं, आणि त्यावर भांडायला हवं. आमदार निधी. वर्षाला ५ कोटी, आमदारामागे. मतदारसंघ दोन लाखांचा असो की साडेसहा लाखांचा, रक्कम तीच. म्हणून जागा जाणं म्हणजे गावात येणारे पैसे जाणं, आणि म्हणून लोक जागेला असे चिकटतात. साकव, समाजमंदिर, स्मशानशेड हे सगळं जागेच्या संख्येला बांधलेलं आहे तोवर मतांची समानता हे पुस्तकातलं प्रकरण राहणार. हा पैसा जागेपासून सोडवून तालुक्याच्या गरजेला बांधा, मग बघा परिसीमनाचा किती विरोध उरतो ते. पण आमदारांनीच हे सोडावं अशी अपेक्षा करणं म्हणजे मांजरीला शिंकं सांभाळायला सांगणं.

दुसरं भांडण रेघ कुठून जाते याचं. संख्या ठरवणं हा भागाकार, पण रेघ ओढणं हा भागाकार नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याच्या नवव्या कलमात सगळं लिहिलंय: मतदारसंघ सलग असावेत, डोंगर-नद्या पाहाव्यात, प्रशासकीय हद्दी पाहाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. 'शक्य तोवर' हा शब्दही लिहिलाय. आमच्याकडे काय झालं पाहा. खेड हा मतदारसंघ गेला. खेड तालुक्याचा एक भाग दापोलीला जोडला, दुसरा गुहागरला. गुहागर वाशिष्ठीच्या दक्षिणेला आणि खेड उत्तरेला, मधे खाडी. एसटीने जायचं तर चिपळूणवरून वळसा. होडीचा आणि फेरीबोटीचा रस्ता कोकणात रस्ताच असतो हे खरं, पण रात्री कुणाला आमदार हवा असेल तर फेरीबोट झोपलेली असते.

आणि एकदा रेघ सरकली की राजकारण कसं सरकतं ते याच गुहागरात दिसलं. खेडचा मतदारसंघ नाहीसा झाला तेव्हा तिथले आमदार रामदास कदम विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. ते २००९ ला गुहागरात उभे राहिले. ती जागा पिढीजात भाजपच्या नातूंची; युतीत ती शिवसेनेला गेल्यावर विनय नातूंनी बंडखोरी केली. आणि चिपळूणचे भास्कर जाधव, तेही आपलं जुनं मैदान सोडून, राष्ट्रवादीतर्फे तिथे आले आणि निवडून आले. कागदावरच्या एका रेघेने तीन पुढाऱ्यांची पायाखालची वाळू एका वेळी हलवली. त्यानंतर सलग जाधव. पंढरपुरातही तेच झालं: राखीव लोकसभा मतदारसंघ गेला, रामदास आठवले शिर्डीत उभे राहिले आणि हरले. लोकांनी कौल बदलला का? काही अंशी. पण कुठल्या लोकांना एकत्र बसवून कौल विचारायचा, हे आधीच बदललं होतं.

एवढी ताकद रेघेत असेल तर पेन्सिल कुणाच्या हातात असावी? परिसीमन आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले निवडणूक आयुक्त, आणि राज्य निवडणूक आयुक्त बसतात. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत नसतं. कायदेमंडळाला आयोगाचा आदेश बदलता येत नाही. घटनेच्या ३२९ व्या कलमाने न्यायालयांनाही लांब ठेवलंय. १९६६ च्या मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं, आणि २०२४ साली गुजरातमधल्या बारडोलीच्या प्रकरणात थोडी फट ठेवली: आदेश उघडउघड मनमानी असेल तर बघता येईल. ही व्यवस्था मला एकूण बरी वाटते. ती किती बरी आहे हे कळायला महापालिकांकडे पाहावं.

प्रभागांची पेन्सिल राज्य सरकारच्या हातात आहे. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांच्या महाविकास आघाडीने २३६ केल्या. सरकार बदलल्यावर, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, शिंदे सरकारने त्या परत २२७ केल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला होता, आणि त्याला विधिमंडळात कुणीही आडवं गेलं नाही. बाकी शहरांत एका सरकारला तीन सदस्यांचा प्रभाग आवडतो, दुसऱ्याला चारचा. कारण नेहमी प्रशासकीय सोयीचं दिलं जातं. आपला नगरसेवक कोण हे पुण्याच्या माणसाला विचारा. तो चार नावं सांगायला लागतो, तिसऱ्यावर अडखळतो.

म्हणून जे मागायचं ते मी असं मागेन. दर जनगणनेनंतर, राज्याराज्यांमधल्या वाटणीचं काय व्हायचं ते होवो, राज्याच्या आतल्या रेघा आयोगाने नव्याने पाहाव्यात. तीस वर्षांनी एकदा भूकंप करण्यापेक्षा दहा वर्षांनी एकदा रेघ चार गावं सरकलेली परवडते. आक्षेप म्हणून सांगतात की वारंवार बदललं तर आमदार आणि मतदार यांचं नातं तुटतं. तुटतं थोडं. पण पनवेलमध्ये साडेसहा लाखांना एक आमदार, तिथे नातं होतं कुठे तुटायला? दुसरं, तालुका फोडायचा तर का फोडला हे आयोगाने दोन ओळींत लिहावं. संगमेश्वरचे तीन तुकडे का झाले याचं कारण नक्की असेल. ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, फलकांवरच्या आडव्या रेघांनी फक्त सूचित केलं. आयोगाचे मसुदे राजपत्रात येतात, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. त्या सुनावण्यांना पक्षांचे लोक नकाशे घेऊन जातात. साकव वापरणारा जात नाही, कारण त्याला कळतं तेव्हा शाई वाळलेली असते.

२०२७ ची जनगणना आता दारात आहे, आणि महिला आरक्षणाची २०२३ ची घटनादुरुस्तीसुद्धा जनगणना आणि परिसीमनाच्याच खुंटीला टांगलेली आहे. त्यामुळे या वेळी पेन्सिल चालणार ती नुसती कोकणावर नाही.

चुलतभावाला मी परवा फोन केला होता. म्हटलं, मतदारयादीतलं नाव कामोठ्याला आणायचं असेल तर फॉर्म ८ भर, मोबाइलवरही भरता येतो. तो म्हणाला, "भरतो की. पण गावच्या पंचायतीची निवडणूक होऊन जाऊ दे, आबांचा मुलगा उभा आहे." मागून वहिनीचा आवाज आला, "आणि जनगणनेवाले आले तर त्यांना काय सांगायचं?" तो म्हणाला, "इथलंच सांग. गावचं सांगून पाणी येणारे का आपल्याला?"